मुंडीवाल्याचा जबडा

मुलगी टोस्ट चावत होती, एवढंच झालं होतं. संध्याकाळच्या चहाबरोबरचा कडक, कुरकुरीत टोस्ट. समोर बसलेल्या बापाच्या डाव्या कानापुढे कुणीतरी स्क्रू पिळत असल्यासारखी कळ चालली होती, आणि प्रत्येक चावण्यासरशी ती एकेक आटा आत जात होती. दोनदा तो म्हणाला, "हळू खा." तिने ऐकलं नाही, कारण ती शाळेतलं काहीतरी सांगत होती. बोलण्याचा तिला इतका नाद, की घरात सगळे तिला टिटवीच म्हणत. तिसऱ्यांदा तो उठला आणि तिच्या कानाखाली वाजवली.

चौदा वर्षांची पोर खुर्चीसकट आडवी झाली. तोंडातला तुकडा फरशीवर पडला, त्याला रक्त लागलेलं होतं. ती रडली नाही. जिथं पडली तिथूनच, एक हात गालावर ठेवून, बापाकडे बघत राहिली.

बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोरीला उठवलं, तोंड उघडून दात तपासले, मग नवऱ्याकडे वळली.

"जबडा दुखतो तुमचा आणि उठतो हात," ती म्हणाली. "या दोघांचं नातं काय, ते मला एकदा समजावून सांगा."

खिडकीपाशी कपडे घडी करत बसलेली भावजय तेवढ्यात उठून आतल्या खोलीत गेली, पलंगाखालची आपली बॅग ओढून बाहेर घेऊन आली, आणि दारात उभी राहिली.

"दादा, मी आता कुठं जाऊ, तेवढं सांगा," ती म्हणाली. "एका घरातून पळाले ती याच आवाजाला भिऊन."

बॅग तिच्या जावेने हातातून काढून घेतली, म्हणून ती राहिली. पण ते वाक्य मुंडीवाल्याच्या मनात जे रुतलं, ते रुतलं.

मुंडीवाला म्हणायचे ते कामावरून. शहराच्या कत्तलखान्यात बावीस वर्षं तो मुंड्यांच्या टेबलावर होता. पलीकडच्या दालनातून बकऱ्यांची, मेंढ्यांची डोकी घसरगुंडीवरून त्याच्या पुढ्यात येत. गाल चिरायचा, कानापुढे बोटभर अंतरावर सुरीचं टोक घालायचं, मनगट वळवायचं. खालचा जबडा सुटून हातात येतो. मग जीभ. मग पुढची मुंडी. दिवसाला साडेतीनशे-चारशे. पायांखाली गार पाणी, अंगावर गार वारा, कानांत करवतीचा आवाज. त्या टेबलावरचा प्रत्येक माणूस आठ तास दात आवळून उभा असे, आणि आपण दात आवळलेत हे एकाच्याही ध्यानात नसे.

धाकटा भाऊ त्याच कत्तलखान्यात, कातडी सोलण्याच्या विभागात होता. अंगाने दांडगा, डोक्याने तापट. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून तो बायकोवर हात टाकत होता. दीड वर्षापूर्वी एका रविवारी दुपारी त्याच्या शेजाऱ्यांनी निरोप धाडला म्हणून मुंडीवाला धावत गेला. धाकट्याने बायकोला भिंतीला पाठ लावून उभं केलं होतं. हातात दाराचा लोखंडी अडसर. एक फटका मारायचा आणि विचारायचा, "कितवा?" ती आकडा सांगायची. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. मुंडीवाला पोचला तेव्हा सहा झाले होते. सातवा त्याने मधे पडून आपल्या डाव्या गालावर घेतला.

हाड मोडलं नाही. आठवड्याभरात सूज उतरली. भावजय त्याच्या घरी राहायला आली, पुढे त्याच्याच शेजारच्या हौदावर मुंड्या धुण्याच्या कामाला लागली. धाकटा गाव सोडून दुसऱ्या शहरात गेला. पोलिसांत जायचं भावजयीच्या मनात होतं, पण "घरातलं घरात राहू दे" असं म्हणणारा मुंडीवालाच होता.

दोन महिन्यांनी एका सकाळी जांभई देताना त्याच्या कानापुढे 'कट्' असं वाजलं. मग रोजच वाजू लागलं. घास घेताना, हसताना. टिटवी म्हणायची, "बाबा, तुमच्या तोंडात कुणीतरी बोटं मोडतंय." एक दिवस आवाज बंद झाला आणि त्याबरोबर तोंडही. दीड बोटाच्या पुढे उघडेना. दुखणं कानात गेलं, कानशिलात गेलं, तिथून खालच्या दाढांत उतरलं. दुखते ती दाढच, असं धरून तो नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने शेवटची दाढ काढली. दुखणं तसंच. महिन्याने शेजारची काढली. ती त्याने ताटलीतून उचलून उजेडात धरली. मुळं पांढरी, स्वच्छ. त्याच्या टेबलावरच्या कोवळ्या बकऱ्याची असावीत तशी.

"कीड कुठं आहे?" त्याने विचारलं.

"कधीकधी आत असते, दिसत नाही," डॉक्टर म्हणाला.

तोंडातून रक्त गळत असतानाच मुंडीवाल्याने त्याची मान धरली, त्याला त्याच्याच खुर्चीत दाबून बसवलं आणि ती दाढ त्याच्या ओठांत कोंबली. "चाव," तो म्हणाला. "चावून दाखव, आत काय आहे ते." बाहेरच्या बाईने आरडाओरड केली तेव्हा कुठं त्याने हात काढला. घरी येऊन हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर आपला हात आपल्याआधी उठतो, हे त्याला कळून चुकलं होतं. टिटवीला मारलं ते त्यानंतर तीन आठवड्यांनी.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्याला कामावर जाऊ दिलं नाही. ती मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात अकरा वर्षं होती. कुठल्या विभागाचे कोट कसे येतात, यावरून तिथल्या डॉक्टरांची पारख ती करायची.

"तळमजल्यावर जबड्याचा वेगळा विभाग आहे," ती म्हणाली. "त्यांचे कोट सगळ्यात स्वच्छ येतात. म्हणजे तिथं उपटाउपटी होत नसणार. चला."

जबड्याची डॉक्टरबाई पन्नाशीची, लहानखुरी, आवाजाने खणखणीत होती. तिने आधी दातांकडे बघितलंच नाही. दोन बोटं त्याच्या दोन्ही कानांपुढे टेकवली आणि तोंड उघडायला लावलं. पट्टी लावून मोजलं: चाळीसच्या जागी चोवीस मिलिमीटर. उघडताना हनुवटी डावीकडे वाकत होती. मग तिने हातमोजा चढवला, तर्जनी त्याच्या गालाच्या आतून मागे नेली आणि आवळलेल्या स्नायूवर दाबली.

त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कळायच्या आत त्याने तिचं मनगट पकडलं होतं, आणि बावीस वर्षं हाडं सोडवणाऱ्या हाताची ती पकड होती.

"सोडा," डॉक्टरबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "उजवा हात आहे हा. बाहेर सतरा लोक बसलेत अजून."

त्याने सोडला. मनगटावर चार बोटं उमटली होती. त्याला शरम वाटली. बायको तेव्हा भिंतीकडे बघत बोलायला लागली. अडसर, दाढा, टोस्ट, थप्पड, सगळं तिने एका दमात सांगितलं.

"झोपेत दात खातात का?" डॉक्टरबाईने विचारलं.

"झोपेत दात खातात, जागेपणी दातओठ खातात. सुट्टी अशी नाहीच."

डॉक्टरबाईने टेबलावरची प्लॅस्टिकची कवटी ओढली. कवटीच्या आणि जबड्याच्या हाडांमधे एक लहानशी गादी असते, तोंड उघडताना तीही हाडाबरोबर पुढे सरकते, असं ती समजावू लागली.

"माहीत आहे," मुंडीवाला म्हणाला. "पांढरी. चिवट. मधे पातळ, कडेला जाड. मी रोज बघतो ती."

डॉक्टरबाईने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. त्या फटक्याने तुमची गादी पुढे घसरली. आधी ती जागेवर परत यायची, तेव्हा कट् वाजायचं. आता येत नाही, म्हणून तोंड अडतं. पण दुखतंय त्यातलं बरंचसं गादीचं नाहीच, हे बघा." तिने स्वतःच्या गालावर बोटं ठेवून दात आवळले, गालात गोळा आला. "या स्नायूंचं आहे. त्यांना तुम्ही दिवसरात्र राबवताय. दाढांचा काही दोष नव्हता."

"भावाने मारलं म्हणून झालं ना हे सगळं?"

"सुरुवात त्याने केली. पुढचं दीड वर्ष तुमचं."

मग त्याने विचारलं, "हे दुखणं गेलं की राग जाईल का माझा?"

"ते मला नाही माहीत," डॉक्टरबाई म्हणाली. "मी जबड्याची डॉक्टर आहे."

उपाय इतके साधे होते की त्याला फसवल्यासारखं वाटलं. थोडे दिवस गोळ्या. मऊ खाणं, सूप, लापशी, कुस्करलेला बटाटा. मोठा घास नाही, च्युइंगगम नाही, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. सकाळ-संध्याकाळ गरम ओल्या टॉवेलचा शेक, मग गालाच्या स्नायूंना बोटांनी हळू मालिश. जीभ टाळूला लावून ठेवायची आणि ती सुटणार नाही एवढंच तोंड उघडायचं, दहा वेळा. झोपताना दातांवर बसवायची एक पारदर्शक पट्टी, त्याच्या मापाची. आणि दिवसभर एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: ओठ मिटलेले, दात सुटलेले. वरचे-खालचे दात भेटतात ते फक्त खाताना.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड निघाली. सुरी हातात घेतली की दात आपोआप बसत. शेजारच्या हौदावरून भावजयीला त्याच्या गालातला गोळा दिसायचा आणि ती पाण्याच्या आवाजावरून ओरडायची, "दादा, दात." पहिल्या दिवशी तिने चाळीसेक वेळा हाक मारली असेल. टेबलावरचे बाकीचेही मग गमतीत एकमेकांना "दात, दात" करू लागले, आणि आपणही आवळतोच की, हे ध्यानात येऊन दोघा-तिघांनी हनुवटी सैल सोडली.

दर रविवारी तोंड मोजायचं होतं. बायकोला पट्टीवरचे बारीक आकडे दिसत नसत, म्हणून ते काम टिटवीकडे आलं. थपडेनंतर ती त्याच्याशी बोलत नव्हती, जेवण आतल्या खोलीत नेऊन खायची. ती समोर येऊन उभी राहायची, बोट न लागू देता पट्टी धरायची, आकडा सांगायची आणि निघून जायची. "सव्वीस." पुढच्या रविवारी, "एकोणतीस." एकदा त्याने तिला थांबवलं. "पोरी, त्या दिवशी माझं चुकलं."

"चौतीस," ती म्हणाली आणि आत गेली.

सातव्या आठवड्यात एका सकाळी टेबलावर उभं असताना त्याला एकदम जाणवलं, की उठल्यापासून आपल्याला चेहऱ्याची आठवणच झाली नाही. सुरी खाली ठेवून त्याने गाल चाचपला. गाल गालासारखाच होता.

त्याच महिन्यात धाकटा परत आला. कुठल्याशा मारामारीत तिकडची नोकरी गेली होती. जुन्या विभागात त्याला पुन्हा घेतलं नव्हतं, तरी फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा होता. भरदुपारी तो मुंड्यांच्या दालनात शिरला. भावजय हौदावर वाकलेली होती. त्याने मागून तिचे केस मुठीत धरले, तिचं तोंड पाण्यात दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं. "चल घरी," तो म्हणत होता. "चल घरी. चल घरी." मग केसांनीच तिला दाराकडे ओढू लागला. तिच्या पायांतले बूट निघून फरशीवरच्या पाण्यात पडले.

टेबलावरचे चौघं जागीच थिजले. मुंडीवाला मात्र वळून धावला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "सोड तिला." त्या उघड्या तोंडावरच धाकट्याचा ठोसा बसला.

आत काहीतरी निसटलं. दुखण्याआधी त्याला नुसता आवाज ऐकू आला, टेबलावर रोज साडेतीनशे वेळा ऐकायचा तोच. जबडा पुढे सरकून लोंबला आणि तिथंच अडकला. तोंड मिटेना. लाळ छातीवर गळू लागली. ओरडायला गेला तर नुसती घरघर निघाली. धाकटा त्याच्या तोंडाकडे बघून हसला. केस त्याने सोडले नव्हते. भावजयीचं डोकं त्याच्या गुडघ्याशी लटकत होतं, आणि हसता हसताच त्याने ते दाराच्या चौकटीवर आपटलं. मग आणखी एकदा.

मुंडीवाल्याच्या हातात सुरी होती. मूठ बोटांनी मिटते खरी, पण तिच्या दोऱ्या मनगटाच्या वर असतात, हे त्याला पाठ होतं. त्याने धाकट्याच्या हाताखाली पातं घातलं आणि आडवं ओढलं. एकच चीर. बोटं आपोआप उघडली. केस सुटले. रक्ताची चिळकांडी हौदाच्या पाण्यावर उडाली.

धाकटा गुडघ्यांवर आला. मुंडीवाल्याने त्याला छातीवर लाथ घालून पाडलं, त्याच्यावर बसला आणि डावा हात त्याच्या गळ्यावर रोवला. आता थांबायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. अडसर, सहा फटके, दीड वर्ष, दोन दाढा, आणि टिटवीच्या गालावर आपल्या हाताने गेलेली ती थप्पड, सगळ्याचा हिशोब या एका गळ्यात होता. जोर लावायला त्याने दात आवळले, आणि आवळायला दातच भेटले नाहीत. जबडा हवेत लोंबत होता. पुन्हा प्रयत्न केला. मानेत, खांद्यात, दंडात चढणारी ताकद दरवेळी त्या उघड्या तोंडातून गळून जात होती. खाली धाकट्याचा चेहरा निळा पडत होता, आणि भावाच्या त्या चेहऱ्यावर त्याची स्वतःची लाळ टपटप पडत होती.

"दादा," भावजय म्हणाली. तिच्या डोक्यातून रक्त येत होतं. ती भिंतीला धरून उठली होती. "दादा, माझ्यासाठी करत असाल तर नको."

त्याने हात काढला. बसून राहिला. मग आपल्याच एप्रनची नाडी तोडून भावाच्या दंडाला करकचून बांधली, आणि चिरेवर अंगठा दाबून धरला, तो गाडी येईपर्यंत.

हॉस्पिटलात त्याला पोलीस शिपायाने बेडी घालूनच आणलं. डॉक्टरबाई बाहेर आली आणि त्याच्याकडे बघून थबकली. त्याला कमी उंचीच्या स्टुलावर बसवलं, डोकं भिंतीला टेकवलं. स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांना तिने गॉझ गुंडाळली.

"जबडा जागेवर बसताना तोंड खाडकन् मिटतं," तिने शिपायाला सांगितलं. "माझे अंगठे मला हवेत." मग मुंडीवाल्याला, "आवळू नका. मदत करू नका. काहीच करू नका."

अंगठे खालच्या दाढांवर टेकवून तिने सगळं वजन खाली दिलं. वेदनेने त्याचे पाय फरशीवर झाडले गेले, बेडी खणखणली. जबडा खाली गेला, मागे गेला, आणि आपल्या घरात बसला. शिपायाने तेवढा वेळ तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. डॉक्टरबाईने हनुवटीखालून डोक्यावरून पट्टी बांधली. "तीन आठवडे," ती म्हणाली. "मोठं उघडायचं नाही. कुठंही असलात तरी."

जबाब द्यायला त्याला बोलता येत नव्हतं. भावजयीने दिला. डोक्याला पाच टाके घातलेल्या अवस्थेत तिने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासूनचं सगळं सांगितलं. लिहून घेणाऱ्याने दोनदा पेन बदललं. धाकटा जगला. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी पूर्ण मिटली नाहीत. भावजयीला मारहाण केल्याचा खटला त्याच्यावर उभा राहिला. मुंडीवाल्यालाही सुटका नव्हती. सुरी चालवल्याबद्दल आठ महिन्यांची शिक्षा झाली. बायकोने ती ऐकली आणि म्हणाली, "पट्टी आत नेऊ देतील का, ते विचारते." दातांवरची पट्टी म्हणायची होती तिला.

नेऊ दिली. तुरुंगातली लापशी मऊ होती, ती एक सोय. शेजारच्या कोठडीत एकजण जांभई देताना कान दाबायचा. मुंडीवाल्याने त्याला हनुवटीखाली मूठ धरायला शिकवलं, आणि दाढ काढू नकोस म्हणून बजावलं.

सहाव्या महिन्यात धाकट्याच्या खटल्यात त्याची साक्ष होती. वकिलाने सांगितलं होतं, विचारतील तेवढंच बोला. पहिला प्रश्न त्या रविवारच्या दुपारचा होता. मुंडीवाल्याने अडसराचं सांगितलं. पोलिसांत जाऊ नको, असं भावजयीला आपणच सांगितलं, हे सांगितलं. समोरच्या वकिलाला वाटलं, माणूस आपणहून अडकतोय, म्हणून त्याने त्याला बोलू दिलं. मग त्याने दातांच्या डॉक्टरचं सांगितलं, आणि मग आपल्या मुलीला मारलेल्या थपडेचं. ती जेवत होती, तिचा काही गुन्हा नव्हता, असं म्हणाला. न्यायाधीशबाईने विचारलं, याचा या खटल्याशी काय संबंध?

"माहीत नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. "पण शपथ देताना सगळं सांगायचं म्हणालात, तर ते सोडून कसं सांगू?"

चाळीस मिनिटं तो बोलत होता. तो फटका बसल्यापासून इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. शेवटी शेवटी जीभ जड झाली, कानापुढे ठणका सुरू झाला, तरी थांबला नाही. भावजय पहिल्या बाकावर ताठ बसली होती. मुंड्यांच्या टेबलावर आता त्याच्या जागी ती होती, आणि साक्षीसाठी अर्धा दिवस रजा काढून आली होती. तिच्या मागे बायको, आणि बायकोच्या शेजारी टिटवी. शाळा बुडवून का आलीस, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं. बापाला बाहेर नेताना त्याने तिच्याकडे बघितलं, तेव्हा ती हसली नाही. पण नजर काढूनही घेतली नाही.

जबडा पुढचे दोन दिवस ठणकत राहिला. तिसऱ्या दिवशी ठणका उतरला.